अण्णांचा रेझर

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

आजचा विषय ऐकून तुमच्यापैकी निम्मी मंडळी, म्हणजे महिलावर्ग, रेडिओचा कान पिळेल अशी मला धास्ती आहे. विषय आहे दाढी करण्याचे जुने रेझर आणि त्यांची पाती. पण बायांनो, जरा थांबा. या सगळ्या प्रकरणात शहाणपणाचं बोलणं एकदाच झालं आणि ते माझी आई बोलली. तेवढं ऐकून मग हवं तर रेडिओ बंद करा.

माझी सगळी नोकरी पिंपरीच्या एका कारखान्यात, टूलरूममध्ये गेली. छत्तीस वर्षं. धार लावणं, धार मोजणं, धार का गेली याचा शोध घेणं हेच काम. मिलिमीटर हे आमच्याकडे फार ढोबळ माप समजतात, आम्ही मायक्रॉनमध्ये भांडतो. आणि असा हा माणूस पन्नाशीपर्यंत रोज सकाळी स्वतःच्या तोंडावरून जी धार फिरवत होता, तिच्याकडे त्याने एकदाही नीट पाहिलं नव्हतं. जाहिरातीत दिसेल ते कार्ट्रिज आणायचं, आधी दोन पात्यांचं, मग तीन पात्यांचं, चार मिनिटांत दाढी उरकायची आणि बस पकडायची.

जून २०११ मध्ये अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, अर्धांगाचा झटका आला. वय सत्त्याहत्तर. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. समजत सगळं होतं, बोलता येत नव्हतं. तीन आठवड्यांनी घरी आणलं तेव्हा तोंडावर पांढरी दाढी चांगली अर्धा इंच वाढलेली. अण्णा पोस्टात होते. आयुष्यभर, रविवार धरून, रोज दाढी. घरात सुतक असेल तेवढेच दिवस काय ती राहायची. दाढी वाढलेली असताना ते गॅलरीत पेपर वाचायलासुद्धा बसत नसत. त्यामुळे नातेवाईक भेटायला यायला लागले, तशी एक गोष्ट लक्षात आली. कोणी आलं की अण्णा भिंतीकडे तोंड करायचे. आम्हाला वाटलं, आजारपणाने माणूस खचलाय. आईने दोन दिवसांनी सांगितलं, 'खचलेबिचले नाहीत. त्यांची दाढी करा आधी.'

आता दाढी करायची कोणी? कोपऱ्यावरच्या सलूनमधला मुलगा घरी यायला तयार होता, पण आठवड्यातून दोनदा. अण्णांना हवी होती रोज. त्यात त्यांना रक्त पातळ ठेवणारी गोळी सुरू होती. साधं खरचटलं तरी रक्त थांबायला वेळ लागायचा. डॉक्टरांनी विजेवरचं यंत्र वापरा असं सांगितलं, ते रास्तच होतं. यंत्र आणलं. पण त्या आवाजाने अण्णा मान झटकायचे, आणि गळ्यावरचे आडवेतिडवे मऊ केस त्यात कापले जाण्याऐवजी ओढले जायचे. दुसऱ्या दिवशी त्यांनी डाव्या हाताने यंत्र बाजूला सारलं. मग मी माझं तीन पात्यांचं कार्ट्रिज काढलं. दाट खुंटांत ते दोन फटकाऱ्यांत तुंबलं. नळाखाली धर, झटक, पुन्हा फिरव. प्रत्येक वेळी जागा तीच, आणि पाती तीन. म्हणजे एका जागेवरून चार वेळा हात फिरला की कातडी बारा वेळा खरवडली जाते, हा हिशेब तेव्हा पहिल्यांदा डोक्यात आला. संध्याकाळपर्यंत गळा लालबुंद.

तिसऱ्या दिवशी अण्णांनी डाव्या हाताचं बोट कपाटाकडे केलं. वरच्या खणात, जुन्या पासबुकांच्या मागे, एक डबी होती. आत त्यांचा रेझर.

तो रेझर मी लहानपणी रोज पाहिलेला. माझ्या आजोबांनी, म्हणजे आईच्या वडिलांनी, लग्नात जावयाला दिलेला. जिलेटचा 'टेक'. खाली बारीक अक्षरांत 'मेड इन इंग्लंड'. हे मॉडेल मूळ अमेरिकेतलं, १९३० च्या दशकाच्या अखेरीस निघालेलं. इंग्लंडमध्ये जिलेटचा कारखाना लंडनच्या पश्चिमेला ग्रेट वेस्ट रोडवर १९३७ साली उघडला. त्याचा विटांचा मनोरा आणि त्यावरचं घड्याळ आजही त्या रस्त्याची खूण आहे, उत्पादन मात्र तिथून केव्हाच हललं. रेझर म्हणाल तर तीन तुकडे. वरची टोपी, मधली तळपट्टी, खाली मूठ. टोपीखाली पातं ठेवायचं, तळपट्टी लावायची, मूठ आवळायची. संपलं. हलणारा भाग एकही नाही, त्यामुळे बिघडायला काही नाही. निकेल जागोजागी उडून पितळ दिसत होतं, पण मुठीवरचं नर्लिंग, म्हणजे पकड यावी म्हणून काढलेली जाळी, अजून बोटाला लागत होती. टूलरूमचा माणूस म्हणून सांगतो, असं नर्लिंग आजच्या महागड्या वस्तूंवरही क्वचित दिसतं.

इथे जरा आडवाटेला जातो. या वस्तूचा कर्ता किंग कॅम्प जिलेट. जन्म १८५५, अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनचा. 'किंग' ही पदवी नव्हे, आईबापांनी ठेवलेलं नाव. हा गृहस्थ फिरता विक्रेता होता आणि बाटलीची बुचं विकायचा. आपण सोड्याच्या बाटलीचं दातेरी पत्र्याचं बूच ओपनरने उडवतो ना, ते शोधणाऱ्या विल्यम पेंटरच्या कंपनीत. पेंटरने त्याला सल्ला दिला होता म्हणे, की एकदा वापरून टाकून द्यावं लागेल असं काहीतरी शोध, म्हणजे गिऱ्हाईक परत येत राहील. १८९५ साली एका सकाळी दाढी करायला उभा राहिला तर वस्तऱ्याला धार नाही. वस्तरा म्हणजे जाड पाठीचं पोलाद, वरचेवर धार लावून घ्यायचं. त्याच्या मनात आलं, कापायला लागते ती फक्त कड, मग एवढं लोखंड कशाला? पातळ पत्र्याला दोन्हीकडे धार लावायची आणि बोथट झाली की फेकायची.

सुचणं सोपं, करणं अवघड. सुरक्षित रेझर तोपर्यंत नव्हते असं नाही. न्यूयॉर्कच्या काम्फे बंधूंनी १८८० सालीच कुंपण घातलेला रेझर काढला होता, पण त्याचं पातं वस्तऱ्यासारखंच जाड, धार लावून घ्यायचं. कागदासारख्या पातळ पोलादाला कडकपणा कसा आणायचा, ते वाकडं न होऊ देता धार कशी लावायची, हे कोणालाच येत नव्हतं. जिलेटने विचारलं त्या जाणकारांनी हे होणार नाही म्हणून सांगितलं. शेवटी विल्यम निकरसन नावाचा, एमआयटीत शिकलेला एक इंजिनिअर त्याला भेटला आणि त्याने यंत्रं बसवली. आमच्या धंद्यात नाव मालकाचं होतं आणि काम निकरसनचं असतं, हे जाता जाता सांगून ठेवतो. १९०१ साली कंपनी निघाली. १९०३ साली विक्री सुरू झाली, तेव्हा वर्षभरात खपले रेझर ५१ आणि पाती १६८. पुढच्याच वर्षी रेझरचा आकडा नव्वद हजारांवर गेला. पेटंट मिळालं नोव्हेंबर १९०४ मध्ये.

व्यापाराच्या पुस्तकांत सांगतात की जिलेटने रेझर फुकट वाटले आणि पात्यांवर पैसा केला. तसं झालेलं नाही. सुरुवातीला त्याच्या रेझरची किंमत पाच डॉलर होती. साध्या कामगाराच्या आठवड्याच्या कमाईचा मोठा घास. रेझर स्वस्त झाले ते १९२१ साली पेटंट संपलं आणि नकला करणारे बाजारात उतरले तेव्हा. मधल्या काळात, १९१८ साली, अमेरिकी सरकारने सैनिकांसाठी जवळपास ३५ लाख रेझर घेतले. दाढी असली की विषारी वायूपासून वाचवणारा मुखवटा तोंडाला घट्ट बसत नाही. लढाईवरून परतलेल्या माणसांनी सवय घरी आणली. आणि गंमत बघा, साऱ्या जगाला रोज दाढी करायला लावणारा हा मनुष्य स्वतः भरघोस मिशीवाला होता. मिशीसकट त्याचा चेहरा पात्याच्या वेष्टणावर छापलेला असायचा.

तर त्याच्या पेटंटातली खरी मेख अशी, की पातं सुटं असताना लवचीक असतं, साधारण दशांश मिलिमीटर जाडीचं, पण टोपी आणि तळपट्टी यांच्यामध्ये आवळलं की कमानीसारखं वाकतं आणि त्या बाकामुळे ताठ होतं. कागदाचा तुकडा सपाट धरला तर लोंबतो, थोडा पन्हळीसारखा वाकवून धरला तर सरळ उभा राहतो, तसंच. पात्याची कड टोपीबाहेर किती डोकावते, खालच्या दांडीपासून ती किती लांब आहे आणि कातडीला ती कोणत्या कोनात लागते, या तीन गोष्टींवर रेझर सौम्य की जहाल ते ठरतं. बाकी सगळा दागिना.

हे सगळं मला नंतर कळलं. त्या दिवशी मी नुसताच रेझर घासूनपुसून घेतला, वाण्याकडून पात्यांचं पाकीट आणलं आणि अण्णांच्या गालावर कार्ट्रिजच्या सवयीने दाबून फिरवला. हनुवटीच्या खाली कापलं. छोटंच, पण तुरटी लावून, टॉवेल दाबून वीस मिनिटं बसलो तरी पाझरत होतं. आई दारात उभी. बायको म्हणाली, 'त्या मुलालाच बोलवा, काय जास्तीचे पैसे घेईल ते घेऊ दे.' माझा हात थरथरत होता हे अण्णांनी पाहिलं असणार. त्यांनी डाव्या हाताने माझं मनगट धरलं. रेझर गालाला टेकवला तो टोपीच्या अंगाने, धार अजून लागत नाही अशा बेताने. मग माझं मनगट हळूहळू खाली आणलं. एका ठिकाणी आवाज आला. खर्र. तिथे थांबले, आणि मान हलवली. दाबायचं नाही, रेझरच्या वजनाने तो चालू द्यायचा आणि आवाज ऐकायचा. पुस्तकात याला तीस अंशांचा कोन म्हणतात. अण्णांनी तो मला न बोलता शिकवला, आणि माझ्या लक्षात आलं की मी लहान असताना न्हाणीघराच्या दाराबाहेर हाच आवाज ऐकत उभा राहायचो.

अडचण मात्र संपली नव्हती. झटक्यामुळे उजवा गाल सैल पडलेला. आपण दाढी करताना गाल फुगवतो, ओठ मुडपतो, नकळत कातडी ताणून धरतो. ते त्यांना त्या बाजूला जमत नव्हतं. सैल कातडी दांडीच्या फटीत शिरते आणि कापते. म्हणजे मला असा रेझर आणि असं पातं हवं होतं की सत्त्याहत्तर वर्षांच्या सैल गालावर, गोळीने पातळ झालेल्या रक्तावर, रोज चालवता येईल. हे अण्णांवर प्रयोग करून शोधणं शक्य नव्हतं. म्हणून माझा स्वतःचा चेहरा मी कामाला लावला.

दोनशे पानी वही घातली. टूलरूमचा पहिला नियम, एका वेळी एकच गोष्ट बदलायची. साबण तोच, ब्रश तोच, गरम पाण्याने तोंड धुऊन तीन मिनिटं थांबायचं. रकाने चार: ओढ किती, आग किती, रक्ताचे थेंब किती, आणि संध्याकाळी सहा वाजता गालावर उलटा हात फिरवला तर काय लागतं. दुकानात मिळाली ती पाती आणली, टोपाझ, सेव्हन ओ'क्लॉक, विल्किन्सन, आणि तेव्हा आपल्या ठाण्यात बनत असलेलं सुपरमॅक्स. दिवाळीत माझा भाचा बोस्टनहून आला, त्याने जपानची फेदर आणि रशियाची अस्त्रा आणली. नाव वाचलं की मत आधीच बनतं, म्हणून मुलगा पातं रेझरमध्ये बसवून द्यायचा आणि मला फक्त क्रमांक सांगायचा. प्रत्येक पात्याच्या पाच दाढ्या. तो तेव्हा अकरावीत होता. बापाच्या तोंडावर प्रयोग करायला मिळतोय म्हणून अभ्यासापेक्षा जास्त मन लावून काम करायचा.

भाच्याने आणखी एक वस्तू आणली होती. जिलेटचं शहर म्हणजे बोस्टनच. तिथल्या जुन्या बाजारात त्याला एक रेझर मिळाला, ज्याला शौकीन मंडळी 'फॅटबॉय' म्हणतात. जाड, आखूड मूठ, हातात घेतली की वजन जाणवतं. मुठीच्या टोकाशी असलेली कळ फिरवली की वरच्या दोन झडपा फुलाच्या पाकळ्यांसारख्या उघडतात, पातं आत टाकायचं आणि मिटायचं. मानेजवळ एक कडं, त्यावर एक ते नऊ आकडे. कडं फिरवलं की फट कमीजास्त होते, म्हणजे एकच रेझर सौम्यही आणि जहालही. हा १९५८ ते १९६१ एवढीच वर्षं निघाला. जिलेटच्या १९५० नंतरच्या अमेरिकी रेझरांवर खालच्या बाजूला एक अक्षर आणि एक आकडा ठोकलेला असतो, अक्षर वर्षाचं, आकडा तिमाहीचं. याच्यावर होतं एफ ३, म्हणजे १९६० ची तिसरी तिमाही. माझ्याहून वर्षाने मोठा. एवढे बारीक भाग, साबणाच्या पाण्यात पन्नास वर्षं, आणि कड्याचा खटका अजून प्रत्येक आकड्याला टकटक लागतो. मी तो मोकळ्या मनाने पंधरा मिनिटं नुसता फिरवत बसलो होतो.

आणि या सगळ्यांत मला सगळ्यात थोर वाटतं ते काय सांगू? माप. पात्याच्या मधली ती नक्षीदार लांब खाच १९३० च्या आसपासची आहे. जिलेट आणि ऑटोस्ट्रॉप या कंपन्यांच्या भांडणातून आणि मग विलीनीकरणातून आलेली. त्याआधी पात्याला नुसती तीन गोल भोकं होती. पण नव्या पात्यात जुन्या भोकांची जागा राखली. त्यामुळे २०११ साली ठाण्यात तयार झालेलं पातं १९०४ सालच्या रेझरमध्ये बसतं, आणि जपानी पातं अण्णांच्या इंग्रजी रेझरमध्ये. माझ्या कारखान्यात पंधरा वर्षांपूर्वीच्या मशीनचा बोल्ट मिळत नाही.

आता वहीत काय निघालं ते. कोणत्या क्रमांकाला कोणतं नाव होतं हे मी सांगणार नाही. माझे केस माझे आणि तुमचे तुमचे. पण एक गोष्ट माझ्या अंदाजाच्या अगदी उलटी निघाली आणि ती सांगायलाच हवी. मी समजत होतो, अण्णांसाठी मवाळ पातं शोधायचं, फार धारदार नको. वहीने सांगितलं, चूक. कमी धारेचं पातं सौम्य रेझरमध्ये घातलं तर थेंब पडत नाहीत, पण केस एका फटकाऱ्यात तुटत नाही, म्हणून त्याच जागी तीनतीनदा हात जातो, आणि आगीच्या रकान्यात मोठे आकडे येतात. तेच पातं फॅटबॉयवर सातच्या आकड्याला लावलं तर ओढ आणि आग दोन्ही. सगळ्यात धारदार पातं सातच्या आकड्याला लावलं, त्या सकाळी हनुवटीवर तीन थेंब, आणि ऑफिसात सगळ्यांनी विचारलं. पण तेच धारदार पातं अण्णांच्या टेकमध्ये घातलं तर गालावरून रेझर गेला की नाही असा प्रश्न पडावा. फॅटबॉय एक-दोनच्या आकड्यावर ठेवला तरी बहुतेक तसंच. थोडक्यात, फट लहान ठेवायची आणि धार उत्तम घ्यायची. फट कातडीला आवरते, धार केसाचं काम एका झटक्यात संपवते. हे टूलरूममध्ये मी रोज शिकाऊ पोरांना सांगत होतो, बोथट हत्याराला जोर लागतो आणि जोर लावला की हात घसरतो. स्वतःच्या घरात कळायला मला पाच महिने लागले.

काही उपाय फुकट गेले. नव्या पात्याची पहिली कडक धार मोडण्यासाठी ते बाटलीच्या बुचात एकदा खुपसून काढतात. करून पाहिलं. वहीत फरक दिसला नाही, पण बुचं विकणाऱ्या माणसाच्या पात्याला बुचात खुपसताना मौज वाटली. काचेच्या पेल्याच्या आतून पातं घासून धार आणायची जुनी युक्ती आईने दाखवली. अण्णांच्या तरुणपणी पाती साध्या पोलादाची असत, ओली राहिली की दुसऱ्या दिवशी गंजत, त्यांना पेल्याने चार दाढ्या जास्त मिळायच्या. इंग्लंडातले विल्किन्सन, मूळचे बंदुका-तलवारी करणारे, त्यांनी १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला न गंजणाऱ्या पोलादाचं, वर टेफ्लॉनच्या जातीचा लेप दिलेलं पातं आणलं आणि जिलेटची झोप उडवली. जिलेटला स्वतःचं तसं पातं काढायला १९६३ उजाडलं. आजच्या पात्याला पेल्यात घासलं तर हा पातळ लेप खरवडून जाण्याची भीती जास्त. आईला हे सांगितलं तर म्हणाली, 'असू दे. तेव्हा पेला होता, लेप नव्हता.'

पण पातं मरतं कधी? हा प्रश्न मला छळत होता. केस पोलादापेक्षा कितीतरी मऊ. मग धार जाते का? याचं उत्तर मला बऱ्याच वर्षांनी मिळालं. एमआयटीतल्या संशोधकांनी २०२० साली 'सायन्स' नियतकालिकात प्रसिद्ध केलं, की केस पात्यापेक्षा सुमारे पन्नास पटींनी मऊ असूनही धारेचे बारीक टवके उडवतो. केस कापला जाताना वाकतो, धारेवर तिरका भार येतो, आणि पोलादाची घडण जिथे एकसारखी नसते तिथून कपचा निघतो. म्हणजे धार झिजण्याच्या आधीच कपचे निघून ती बिघडायला लागते. आमच्या धंद्यात याला चिपिंग म्हणतात. केस चांगला भिजवून मऊ करा, असं जुने न्हावी का सांगत, याचा मला नव्याने उलगडा झाला.

२०११ साली मात्र हे ठाऊक नव्हतं, आणि मी वहीवरून ठरवलं की पातं पाच दाढ्या चालतं. अण्णांना पाचवी दाढी केली की ते कपाळाला आठी घालत. मी वहीत बघायचो, माझ्या गालावर पाचवी ठीक होती. दोनतीनदा असं झाल्यावर आई म्हणाली, 'वहीत काय बघतोस? त्यांना विचार ना. गाल त्यांचा आहे.'

हेच ते शहाणपणाचं बोलणं. विचारायचं कसं, तर आईनेच ठरवलं. दाढी झाली की अण्णांनी डाव्या हाताची बोटं दाखवायची. चार म्हणजे छान, एक म्हणजे पातं फेक. वहीत पाचवा रकाना आला. आणि श्रोतेहो, त्या माणसाच्या गालाने माझ्या सगळ्या मोजमापाला मागे टाकलं. पातं बदललंय हे सांगायची गरज नसे, दोन फटकाऱ्यांत त्यांना कळायचं. चौथ्या दाढीला बोटं तीनवरून दोनवर यायची. एकदा मी पाकीट बदललं, दुकानदाराने तेच म्हणून दिलेलं, वेष्टण तेच. पहिल्याच दिवशी एक बोट. मी भिंगाखाली पाहिलं तर कड करवतीसारखी. नकली माल होता. पुन्हा पातं बदलून दाढी केली. तीन बोटं.

रोज हात फिरवता फिरवता त्यांच्या चेहऱ्याचा नकाशा पाठ झाला. केस गालावर खाली वाढतात, गळ्यावर आडवे, आणि डाव्या जबड्याच्या खाली, कानापासून तीन बोटांवर, एक भोवरा. तिथे सुलट-उलट काही नाही, रेझर गोल वळवत न्यावा लागतो. एका सकाळी माझी दाढी करताना माझा रेझर त्याच जागी, आपोआप, गोल वळला. आरशाजवळ जाऊन पाहिलं. तिथेच, तेवढाच भोवरा. पन्नास वर्षं तिथे मला कापत होतं आणि मी कार्ट्रिजला दोष देत होतो.

कोणाच्या घरी असा रेझर पडलेला असेल तर एवढं सांगतो. जुना दातांचा ब्रश, भांडी घासायचा साबण आणि कोमट पाणी, एवढं पुरतं. लिंबू-व्हिनेगरमध्ये भिजत घालू नका, मुलामा जातो. उकळूही नका. तळपट्टी सपाट काचेवर ठेवून बघा, डुगडुगली तर ती वाकलेली आहे, पातं तिरकं बसेल. पात्यांची मोठी पाकिटं घेऊ नका, एकेका प्रकारची दोनचार आणा. आणि वापरलेलं पातं कागदात गुंडाळून कचऱ्यात टाकू नका, आपला कचरा कोणीतरी हाताने निवडत असतं. अमेरिकेतल्या जुन्या घरांत न्हाणीघराच्या कपाटाला मागे एक खाच असे, पाती सरळ भिंतीच्या पोकळीत पडत. आमच्याकडे दूध पावडरचा डबा आहे, झाकणाला फट पाडलेला, कडेने झाळून टाकलेला. हलवला की खुळखुळतो.

अण्णा त्यानंतर दीड वर्ष होते. कोणी आलं की भिंतीकडे तोंड करणं पहिल्या महिन्यातच थांबलं. दुपारी चार वाजता खुर्ची गॅलरीत न्यावी लागायची, आणि खालून जाणाऱ्या ओळखीच्या माणसाला ते डावा हात करायचे.

वहीतली शेवटची नोंद १९ जानेवारी २०१३ ची आहे. पातं क्रमांक सहा, तिसरी दाढी. ओढ नाही, आग नाही, थेंब नाही. बोटं चार.